गंगापूर रोडची एक डोळा मिटलेली माझदा

मागच्या श्रावणातली गोष्ट. रविवारी सकाळी आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका काकांचा फोन आला, म्हणाले अरे माझ्या गाडीचा एक दिवा वरच येत नाहीये, डावा येतोय आणि उजवा मिटलेलाच, तू घरी येऊन बघशील का. मी म्हटलं कुठली गाडी काका, तर म्हणाले माझदा एमएक्स-५. माझं द्वारका सर्कलजवळ ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, दिवसभर ट्रक, पिकअप आणि रिक्षांच्या वायरिंगमध्ये हात असतात, ही गाडी मी फक्त फोटोत बघितलेली. भाच्याला दुकानावर बसवलं आणि बॅग उचलून निघालो.

पोर्चमध्ये ती लाल दोन सीटर उभी. काका जपानला नोकरीला होते, येताना घेऊन आले, तिकडे ही युनोस रोडस्टर नावाने विकायचे. १९८९ ला आलेलं हे मॉडेल, दिवे बोनेटमध्ये झोपलेले असतात आणि बटण दाबलं की उठून बसतात. असे दिवे पहिल्यांदा १९३६ च्या कॉर्ड ८१० ला आले होते, तेव्हा हाताने हँडल फिरवून उघडायला लागायचे, आणि २००४ नंतर कुठल्याच मोठ्या कंपनीच्या नव्या गाडीला राहिले नाहीत. म्हणजे जे आहे ते जपायचंच.

आधी बॅटरी सुट्टी केली. या गाडीची बॅटरी पुढे नसते, डिकीत असते. आणि बॅटरी न काढता दिव्यात हात घालायचा नाही, मोटर अचानक फिरली तर बोटं गेलीच. मोटरवर रबरी टोपी असते आणि तिच्याखाली हाताने फिरवायचा नॉब, तो फिरवला तर उजवा दिवा अगदी मऊ वर आला. म्हणजे अडकलेलं काही नाही, करंटच पोचत नाहीये. बॅटरी परत जोडून मीटर लावला तर मोटरच्या कपलरला, म्हणजे वायर जोडायच्या सॉकेटला, १२.४ व्होल्ट, बटण दाबून मोटरचा लोड आला की एकदम ४ वर. लोडवर व्होल्टेज असं पडलं की मी सगळ्यात आधी अर्थिंग बघतो, म्हणजे करंट बॉडीच्या पत्र्यातून परत जायची वाट. काळ्या अर्थ वायरचा बोल्ट खोलला आणि लगखाली, वायरच्या टोकाच्या कडीखाली, सापडलं, मागे कधीतरी एका गॅरेजमध्ये पुढून डेंटिंग पेंटिंग झालं होतं आणि त्यांनी अर्थचा बोल्ट सरळ नव्या पेंटवर आवळला होता, वर पावसाचं पाणी बसून गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवीन लग क्रिम्प केला, ग्रीस लावलं. बटण दाबलं आणि दोन्ही डोळे एकदम उघडले, काकूंनी तर आतून टाळ्या वाजवल्या.

पण खरं काम पुढेच होतं. काका म्हणाले उजेड फार कमी पडतो रे, त्र्यंबक रोडला रात्री काही दिसत नाही. होल्डर काढले तर प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. कोणीतरी १०० वॉटचे बल्ब टाकले होते, दोन मिळून अप्परला १६ अँपियरच्या वर जातात, ती वायर मुळात ६०/५५ वॉटच्या बल्बसाठी. इंजिन चालू करून मोजलं, अल्टरनेटरला १३.९ आणि बल्बच्या पिनला ११.२. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज थोडा पडला तरी उजेड फार जास्त कमी होतो, या आकड्याला निम्म्याहून कमी उजेड उरतो. म्हणजे बल्ब मोठा टाकून उपयोग नाही, करंटचा रस्ता मोठा करायला पाहिजे. बोनेटखालच्या मेन फ्यूजबॉक्सपासून जाड वायर, तिथेच फ्यूज, अप्परला एक रिले आणि लो बीमला एक, रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच, जुन्या वायरने फक्त तो उचलायचा. नवीन सिरॅमिक होल्डर लावले.

तेवढ्यात काका आतून एक खोका घेऊन आले, त्यांच्या मुलीने अमेरिकेहून पाठवलेले ७ इंची एलईडीचे दिवे, बसतात बरोबर कारण हाच गोल साइज तिकडे १९४० पासून चालू आहे. खोका उघडताना त्यांचा चेहरा बघून मी काही बोललो नाही, एक दिवा बसवला आणि अंधार पडायची वाट बघितली. समोरच्या कंपाउंड वॉलवर लो बीम पाडला आणि माझं मन खट्टू झालं, उजेडाची रेघ उजवीकडे वर चढत होती. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, तिथल्या दिव्याला उजवीकडचा कडेचा भाग जास्त दाखवायचा असतो. आपल्याकडे तोच उजेड थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात जाणार आणि डावी कड अंधारात. आणि श्रावणात त्र्यंबक रोडच्या डाव्या कडेने रात्रभर माणसं पायी चालत असतात, बायका, म्हातारे, कडेवर पोरं.

मी सांगितलं काका, हे मी लावणार नाही. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले मुलीला मी सांगतो, तू काढ.

मूळ काचा जपानी असल्याने डावीकडेच चढणाऱ्या, स्वच्छ पुसून त्यात साधे ६०/५५ चे एच४ बल्ब टाकले. पिनला १३.५ आले. गाडी भिंतीपासून पाच मीटरवर लावून, दिव्याच्या सेंटरच्या पाच सेंटिमीटर खाली खडूने रेघ मारली आणि स्क्रू फिरवत फोकस तिथे आणला.

साडेनऊला आम्ही दोघं निघालो, टप खाली, भुरभूर थांबलेली. सातपूर मागे पडल्यावर डाव्या कडेला चालणारे दिसायला लागले, आधी पांढरे पायजमे, मग खांद्यावरचे भगवे झेंडे, मग एका आजींच्या हातातली काठीसुद्धा. काकांनी आपोआप स्पीड कमी केला. समोरून त्र्यंबककडून एसटी आली, मी श्वास धरून बघत होतो, ड्रायव्हरने डिपर मारला नाही, शांतपणे बाजूने निघून गेला.