गोळ्यांचा डबा

मावशीला परवा डिस्चार्ज मिळाला. मेंदूच्या आवरणाचा टीबी, दोन आठवडे शिरेतून औषधं, आता गोळ्या. आज सकाळी डबा भरताना म्हणाली, "अगं, टीबीच्या गोळ्या ठीक, पण हे स्टेरॉइड कशाला? शेजारच्या वहिनी नको म्हणतात."

माझ्याही मनात तेच होतं, म्हणून दुपारी ओपीडीत विचारलं. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे पेनानं कवटीच काढली. जंतू मारायला टीबीची औषधं आहेत, पण सूज आणतं आपलंच शरीर, आणि कवटीत त्या सुजेला जागाच नाही. ती डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं दाबायची. २००४ साली व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांचा अभ्यास छापून आला: स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ४१. अपंगत्व मात्र त्यानं फारसं टळलं नाही, हेही त्यांनी स्वतःहून सांगितलं. मला तो माणूस आवडला.

डोस आठवड्याआठवड्यानं उतरवायचा, मधेच बंद करायचा नाही. तक्ता फ्रिजवर चिकटवलाय. स्टेरॉइडमुळे शुगर २३८, म्हणून चहा बिनसाखरेचा. मावशी कपात डोकावून म्हणाली, "टीबी परवडला गं."