लोकार्नोतला पाऊस
आज स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या पियाझ्झा ग्रांदेत उघड्यावर सिनेमा पाहिला. गावचा मुख्य चौक, आणि त्यात ८,००० माणसांची बसायची सोय! इथला चित्रपट महोत्सव १९४६ पासूनचा. सर्वोच्च पुरस्कार सोनेरी बिबट्याचा, त्यामुळे जिकडेतिकडे पिवळे-काळे ठिपके. मध्यंतर नाही (आपल्याला वडापावची सवय, काय करणार). अर्ध्यात पाऊस आला. वाटलं, आता पळापळ होणार. पण लोकांनी निवांत रेनकोट चढवले. छत्री उघडणाऱ्या आजोबांना मात्र मागून चांगलंच ऐकावं लागलं.

इथल्या सिनेमांना प्रेक्षकही मतं देतात, त्यावरून प्रेक्षक पुरस्कार ठरतो. शेवट ताणलाय की नाही यावर शेजारच्या काकू थर्मासमधली कॉफी पीत माझ्याशी भांडल्या. आमच्या वर्गातल्या चर्चेपेक्षा त्यांचं म्हणणं जास्त पटलं. उद्या सकाळी पुन्हा शो. बूट वाळले म्हणजे मिळवली!