कोशाने आणलेला वात

चार वर्षांच्या पोरीला घरी किडे शिकवायचे तर बाकीचं सगळं सोपं आहे. अंगणात गुळाचा खडा ठेवला की मुंग्या येतात, त्या मोजायच्या. कागदावर साबुदाण्याची अंडी, हिरव्या लोकरीची अळी आणि भुईमुगाच्या शेंगेचा कोश चिकटवला की झालं. वात आणतो तो खरा कोश. व्हिडिओत अळीचं फुलपाखरू मिनिटभरात होतं, आणि पोरगी तेवढाच वेळ थांबायला तयार असते.

आम्ही अमळनेरला राहतो, परसात कढीपत्ता आहे. श्रावणात त्याच्या कोवळ्या पानांवर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या सापडल्या. लहान असताना त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडतात, त्यावर पोरगी फिदा. किड्याला सहा पाय असतात असं मी सांगितलं, तर तिने भिंगातून सोळा मोजले. तिचंही बरोबर होतं. पुढचे सहा खरे, मागचे दहा नुसते मांसल टेकू, ते पुढे फुलपाखराला राहत नाहीत.

दोन अळ्या बरणीत ठेवल्या, त्यांचे कोश झाले आणि सगळं ठप्प.

नेमकी तेव्हाच कानबाई, म्हणजे आमचा खानदेशी देवीचा सण. घर भाऊबंदांनी भरलेलं. रोटाचा प्रसाद खायला आलेला प्रत्येक जण बरणीला टिचकी मारून बघणार. एका काकांना तर कोश उघडूनच बघायचा होता. सासूबाई दिवसातून दोनदा म्हणायच्या, "मरी गया तो, फेकी दे." पोरगी उठल्या उठल्या बरणीकडे पळायची आणि मग माझ्याकडे असं बघायची, जणू मीच त्याला आत कोंडलंय. फुलपाखरू बाहेर यायला पावसाळ्यात आठवडा-दीड आठवडा लागतो, थंडीत मात्र तोच कोश कित्येक आठवडे तसाच बसू शकतो. म्हणून हिवाळ्यात या भानगडीत पडूच नका. बरणी शेवटी कपाटावर ठेवली, तेव्हा कुठे टिचक्या थांबल्या.

मग एक कोश तपकिरी पडला, त्याला बारीक भोक पडलं आणि आतून चिलटांएवढ्या गांधीलमाश्या निघाल्या. त्यांची आई कोशात अंडी घालते, पिल्लं तो आतून खाऊन टाकतात. मला रडू यायचं बाकी होतं, पोरगी मात्र टाळ्या पिटत होती. तुम्ही ठेवाल तेव्हा एकाहून जास्त अळ्या ठेवा आणि बरणीच्या तोंडाला मलमल बांधा.

दुसरा कोश काळपट झाला, आतली पंखांची नक्षी दिसू लागली. असं दिसलं की पोरांना दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठवा. बाहेर आल्यावर फुलपाखरू काही वेळ पंख खाली सोडून लटकतं, तेव्हा कुणालाही हात लावू देऊ नका. अरे हो, बरणीत काडी आधीच उभी करायची, नाहीतर लटकणार कशाला? आणि पाला घरच्याच झाडाचा हवा, बाजारातल्या कढीपत्त्यावर फवारणी असू शकते. कपाशीच्या शेतातून किडे आणायचे नाहीत तेही त्याचमुळे.

आता शेजारच्या शेवग्यावरचे केसाळ सुरवंट बघून पोरीचा हट्ट सुरू झालाय. हात लागला की खाज सुटते, त्यामुळे ते कुंपणाच्या अलीकडूनच बघायचे.