राज्याची हद्द ओलांडण्यापूर्वी

न्यू जर्सीतील आमच्या परिचयाच्या एका मराठी जोडप्याला टेक्सासमध्ये जन्मलेले बाळ दत्तक मिळाले, मात्र बाळ कुशीत आल्यानंतरही त्यांना लगेच घरी परतता आले नाही. जन्मदात्या आईला प्रसूतीनंतर ४८ तास उलटल्याखेरीज हक्कत्यागाच्या प्रतिज्ञापत्रावर सही करता येत नाही, आणि ती सही झाली तरी दोन्ही राज्यांची लेखी मंजुरी येईपर्यंत बाळाला टेक्सासबाहेर नेता येत नाही. त्यामुळे तान्ह्या बाळाच्या दुपट्यांसह हॉटेलच्या खोलीत थांबणे त्यांना भाग पडले.

बाळाला राज्याबाहेर न नेण्याचे हे बंधन ज्या आंतरराज्य करारामुळे आहे, त्याला आयसीपीसी (इंटरस्टेट कॉम्पॅक्ट ऑन द प्लेसमेंट ऑफ चिल्ड्रन, म्हणजे मुलांना परराज्यातील घरी सोपवण्याविषयीचा करार) म्हणतात. १९६० साली न्यूयॉर्क त्यात सर्वप्रथम सामील झाले. आज अमेरिकेतील सर्व ५० राज्यांत तो कायदा म्हणून लागू आहे. त्याचा मुख्य अर्ज म्हणजे १००ए. बाळाची कायदेशीर स्थिती काय, ते कोणाच्या घरी जाणार, खर्चाची जबाबदारी कोणाची, हे सारे त्यात नमूद करावे लागते, आणि मूल ज्या राज्यात जाणार ते राज्य अखेरीस त्यावर होकार किंवा नकार नोंदवते. मला या करारातील पाचवे कलम सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यानुसार दत्तकविधान पूर्ण होईपर्यंत मूल पाठवणाऱ्याची कायदेशीर व आर्थिक जबाबदारी संपत नाही. नव्या घरी काही बिनसले, तर मूल वाऱ्यावर पडू नये, हा त्यामागचा हेतू आहे.

दिरंगाईचे समर्थन मात्र मी करणार नाही. न्यायालयाच्या ताब्यातील मुलाला परराज्यातील सख्ख्या मावशीकडे पाठवायचे असले, तरी सहसा हीच प्रक्रिया पार पाडावी लागते. गृहपाहणीचा, म्हणजे मूल ज्या घरी जाणार त्या घराच्या तपासणीचा, अहवाल ६० दिवसांत द्यावा, असे २००६ चा संघीय कायदा सांगतो, आणि लहानग्याच्या आयुष्यात ६० दिवस हा फार मोठा काळ असतो. कागदपत्रांची देवाणघेवाण संगणकीय प्रणालीतून करण्यासाठी राज्यांना १ ऑक्टोबर २०२७ पर्यंतची मुदत आहे. ते काम त्याआधीच व्हायला हवे.

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या मंडळींनी रजा आणि मुक्कामाचा खर्च यांची तरतूद आधीच करावी, आणि मंजुरीपूर्वी निघण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. कराराच्या चौथ्या कलमानुसार असा भंग दोन्ही राज्यांत शिक्षेस पात्र ठरू शकतो आणि संबंधित संस्थेचा परवानाही त्यामुळे रद्द होऊ शकतो.