फोटोवरून टाचणीचं नाव का सांगत नाही?

"रंग तर स्वच्छ दिसतोय, मग नाव सांगायला एवढं काय?" टाचणीचे, म्हणजे पाण्याकाठी दिसणाऱ्या चतुरासारख्या बारीक कीटकाचे, फोटो मला पाठवणारे बहुतेक सगळे हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगते.

टाचणीचा रंग वयानुसार बदलतो. इश्नुरा सेनेगलेन्सिस या जातीची एखादी मादी थेट नरासारखी दिसते. दुसरी कोवळेपणी नारिंगी असते, वयात आली की हिरवट-तपकिरी. तीन फोटो, तीन रंग, जात एकच! उलट स्यूडॅग्रिऑन मायक्रोसेफॅलम आणि स्यूडॅग्रिऑन मलबारिकम यांचे नर निळ्या-काळ्या नक्षीत इतके सारखे, की नुसत्या रंगावर निवाडा होत नाही. शेपटीच्या टोकाला मादीला धरायचे चिमटे असतात, ते बाजूने दिसावे लागतात. फ्रेझर या कीटक-अभ्यासकानं १९३३ साली भारतातल्या टाचण्यांची वर्णनं छापली, ती प्रत्यक्ष नमुने तपासून. आपल्याकडे असतो तो वरून टिपलेला फोटो. बाजूचा फोटो मागते तो यासाठी. भाव खाण्यासाठी नाही.

एका निवृत्त गुरुजींचं मात्र मनाला लागून राहिलंय. ते गावची लोक जैवविविधता नोंदवही भरत होते. गावतळ्यावरच्या निळ्या टाचणीचा एकच फोटो त्यांच्याकडे होता, नेमका वरून. मी सांगितलं, "स्यूडॅग्रिऑन, जात अनिश्चित, असं लिहा." फोनवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, पोरं विचारतील नाव काय, त्यांना अनिश्चित सांगू?" पावसाळा सरला की तळ्यावर जाऊन बाजूचा फोटो काढायचा, असं ठरलं. त्याआधीच रस्त्याच्या भरावात तळं बुजलं. वहीत 'अनिश्चित' तसंच राहिलं. गुरुजींनी त्यानंतर मला एकही फोटो पाठवलेला नाही.

पूर्वीची मी नाव देऊन मोकळी झाली असती. नाव कळलं की माणूस पुन्हा पाण्याकडे जातो, असं ती म्हणायची, आणि ते मी आजही खोडू शकत नाही. पण तळंच गेल्यावर अंदाजानं लिहिलेलं नाव कोण पडताळणार? ते खरं म्हणूनच पुढे जाणार.

नाव दिलं असतं तर तळं वाचलं असतं का? नेहमी दिसणाऱ्या टाचणीसाठी कुणी रस्ता वळवत नाही, असं मी स्वतःला सांगते. गुरुजींना ते पटलेलं नाही. मलाही रोज पटतंच असं नाही.