डिले कोणता घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

"काका, डिले खयचो घेव?" गणपती जवळ आले की हा फोन येतोच. डिले म्हणजे गिटारचा आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं, पायाने चालू-बंद करायचं पेडल. विचारणारा कधी कुडाळच्या कॉलेजातला मुलगा असतो, कधी बँजो पार्टीत वाजवणारा, कधी भजनात गिटार बसवू पाहणारा एखादा हौशी. मी मालवणकडचा. ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि वाडीच्या भजन मंडळातही बसतो, म्हणून लोक मला विचारतात. फोनवर दोन वाक्यांत सांगून माझंच समाधान होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पेडलचं नाव सांगण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: तुमच्या सोबतचा ताल शेवटपर्यंत एका लयीत राहतो की चढत जातो? आपल्याकडे निवड इथे ठरते. दुकानदार हे विचारत नाही, आणि पेडलच्या खोक्यावर तर ते छापलेलंच नसतं.

आधी मिलिसेकंदाचा अंदाज येऊ द्या. मोठ्या चिरेखाणीत उभ्या कापलेल्या भिंतीपासून ८५ मीटरवर उभं राहून हाक मारा. हाक जाऊन परत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो, म्हणजे ५०० मिलिसेकंद. भिंतीच्या २० मीटरवर आलात तर ती सुमारे ११५ मिलिसेकंदांत परत येते आणि मूळ हाकेला जवळजवळ चिकटते. आणखी जवळ जाऊन वेळ ३० मिलिसेकंदांच्या खाली गेला, की कान दोन आवाज वेगळे करतच नाही. पेडलवरचा टाइम नॉब म्हणजे हेच अंतर. फीडबॅक किंवा रिपीट्स हा नॉब आवाज किती वेळा परत येईल ते ठरवतो, आणि लेव्हल किंवा मिक्स तो किती मोठा येईल ते. बहुतेक सगळं काम या तीन नॉबमध्ये उरकतं.

आता लयीकडे येऊ. रेकॉर्डिंग करणारे, मेट्रोनोमवर किंवा आधीच भरलेल्या ट्रॅकवर वाजवणारे यांचा हिशेब सोपा आहे. ६०,००० ला बीपीएमने, म्हणजे मिनिटातल्या ठोक्यांनी, भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२० बीपीएमला ५००, १०० ला ६००. पण डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, गजर सुरू झाल्यावर काय होतं ते आठवा. बुवा सूर चढवतात, कोरस उचलतो, पखवाज आणि झांजा लय ओढून नेतात. त्या चढण्यातच गजराचा जीव आहे आणि गिटारवाल्याने त्याच्या आड येऊ नये. समजा तुम्ही १०० च्या लयीला ६०० मिलिसेकंद लावून ठेवलेत आणि गजर ११२ वर पोचला. तिथे ठोका ५३६ मिलिसेकंदांवर येतो. पहिला रिपीट ६४ मिलिसेकंद मागे पडला, दुसरा १२८, तिसरा दोनशेच्या जवळ. तीन वेळा उशिरा वाजणारी ती गिटार पखवाजवाल्याच्या कानात अडकते, आणि त्याला वाटतं लय आपणच सोडली.

यावर दोन उपाय आहेत, आणि पेडल घेताना त्यांतला निदान एक हाताशी असायला हवा.

पहिला उपाय मऊ, काळसर, म्हणजे वरचे सूर कमी असलेल्या रिपीटचा. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. आधी फितीवरचे एको होते. एकोप्लेक्स १९५९ चा, रोलंडचा आरई-२०१ स्पेस एको १९७४ चा. फिरणाऱ्या चुंबकीय फितीवर आवाज नोंदवायचा आणि पुढच्या हेडने उचलायचा. प्रत्येक फेरीत वरचे सूर झिजायचे आणि आवाज किंचित हलायचा. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत बकेट ब्रिगेड चिप निघाली. आग लागल्यावर विहिरीपासून घरापर्यंत माणसं ओळीने उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसा या चिपमध्ये विजेचा भार एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकतो. कप्पे हजारोंनी असतात आणि सरकवण्याचा वेग कमी केला की डिले वाढतो. पण वेग कमी केला की खरखर ऐकू यायला लागते, ती दाबायला फिल्टर बसवतात आणि फिल्टर वरचे सूरही खातो. बॉस कंपनीचा १९८१ चा डीएम-२ असाच, जेमतेम ३०० मिलिसेकंदांचा. एमएक्सआरचा कार्बन कॉपी ६०० पर्यंत जातो. या पेडलांचा रिपीट मूळ सुराच्या मागे सरकतो, त्याला टोक नसतं. त्यामुळे लय थोडी चढली तरी तो टोचत नाही. भजनात, हळदीच्या गाण्यांत, दशावताराच्या साथीला मला हाच आवाज आवडतो. बकेट ब्रिगेडवाल्या या पेडलांना अ‍ॅनालॉग म्हणतात. अ‍ॅनालॉग महाग म्हणून चांगला, असं माझं मुळीच म्हणणं नाही. गाणाऱ्याचा शब्द तो झाकत नाही, एवढ्यासाठी मी त्याच्या बाजूने आहे.

आवाज आकड्यांत साठवणारा डिजिटल डिले पायाखाली मावेल एवढा झाला तो १९८३ मध्ये, बॉसच्या डीडी-२ ने. ८०० मिलिसेकंद, आणि रिपीट जवळजवळ मुळासारखा स्वच्छ. स्वच्छ रिपीट लयीत बसला तर सुंदर लागतो. लय सुटली की तोच रिपीट सगळ्यांना ऐकू जातो. आज बहुतेक डिजिटल पेडलांत अ‍ॅनालॉग आणि टेप असे मोड असतात, ते वरचे सूर कापून देतात. एकच पेडल घेणार असाल तर असा मोड आहे का बघा, किंवा टोन नॉब तरी असू द्या.

स्वस्त पेडलांबद्दलही विचारतात. त्यांतल्या बऱ्याच पेडलांत पीटी२३९९ नावाची चिप असते. ती कराओकेच्या एकोसाठी बनवलेली. पाटीवर अ‍ॅनालॉग लिहिलं असलं तरी आतून ती डिजिटल आहे, फक्त आवाज मळकट देते. सुमारे ३०० मिलिसेकंदांपर्यंत ती नीट वागते, त्यापुढे खरखर वाढते. छोट्या डिलेसाठी मला ती चालते. पहिलं पेडल म्हणून हेच घेणाऱ्याला मी कधी अडवलेलं नाही.

दुसरा उपाय टॅप टेम्पो. पायाने ठोका द्यायचा आणि डिले त्या लयीला येतो. इथे नीट चौकशी करा. काही लहान पेडलांत टॅप करण्यासाठी तेच बटण दोन सेकंद दाबून धरावं लागतं. दोन गाण्यांच्या मध्ये ते जमतं, चढत्या गजरात नाही. टॅपचं वेगळं बटण असेल किंवा बाहेरून स्विच जोडता येत असेल, तर दहा-बारा मोडांपेक्षा मी त्याला जास्त मोल देईन. टॅप दिल्यावर काही पेडल ठोक्याच्या पाऊणपट वेळ धरतात. १२० बीपीएमला ३७५ मिलिसेकंद. यू-टूच्या द एजमुळे जगभर पोचलेला तो धावता आवाज यातूनच येतो. भजनी ठेक्यात दोन मात्रांचा एक ठोका धरलात तर हा रिपीट दीड मात्रेवर पडतो आणि झांजेच्या मधल्या जागा भरून काढतो. दादऱ्यात मात्र तो गोंधळ घालतो. तिथे तीन मात्रांवर डिले लावा, म्हणजे सहापैकी पहिल्या तीन मात्रांत वाजवलेलं पुढच्या तीन मात्रांवर उतरतं. हे मी इतक्या प्रेमाने सांगतोय, कारण आपल्या तालांवर डिले कसा बसवावा हे कुठल्याच पेडलच्या माहितीपुस्तकात सापडत नाही.

लेव्हल कमी ठेवा. देवळाच्या सभामंडपात दगडी भिंती आधीच आवाज परत देतात, त्यात साउंडवाल्याने बुवांच्या माइकला एको दिलेला असतो. त्यावर तुमचा डिले चढला की शब्द बुडतात. घरात बरोबर वाटणारी लेव्हल मंडपात निम्म्यावर आणावी लागते. म्हणून खालच्या टोकाला नॉब बारीक हलवता येतो का, ते आवर्जून बघा. पेडल बंद केल्यावर उरलेले रिपीट आपोआप विरत गेले पाहिजेत. ही सोय सगळ्यांत नसते, आणि बुवा अचानक थांबून बोलायला लागतात तेव्हा तिची फार गरज पडते.

विजेचं थोडक्यात. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि त्यांच्या पिनचं मधलं टोक ऋण असतं. भलताच अडॅप्टर लावला तर पेडल जळू शकतं. डिजिटल पेडलाला करंट जास्त लागतो, बॅटरी काही तासांत बसते. मंडपात जनरेटर चालू असताना एकाच अडॅप्टरवरून सगळी पेडलं जोडली तर डिलेतून बारीक शिट्टी येते, त्यावर प्रत्येक पेडलला वेगळी वाट देणारा आयसोलेटेड सप्लाय हा खरा इलाज. खाऱ्या हवेचा मार वेगळाच. पावसाळ्यात जॅकवर हिरवट थर चढतो आणि नॉब करकरायला लागतात. झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि अधूनमधून कॉन्टॅक्ट क्लीनर, एवढं सांभाळा.

जोडणीत डिले हा डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज फाटका करणाऱ्या पेडलच्या, नंतर. डिस्टॉर्शन अ‍ॅम्पचंच वापरत असाल तर त्याच्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पवरच्या सेंड-रिटर्न जोडणीत.

आता दुकानात जाताना. मुंबई, कोल्हापूर किंवा पणजी, जिथे जाल तिथे तुमच्याच मंडळाच्या एखाद्या गजराचं रेकॉर्डिंग फोनवर घेऊन जा. एकट्याने वाजवून पाहिलात तर प्रत्येक डिले गोड लागतो. रेकॉर्डिंग लावा, त्यावर वाजवा, आणि लय चढायला लागली की पाय टॅपवर वेळेत पोचतो का आणि रिपीट टोचतो का, ते ऐका. कुडाळच्या त्या मुलाला मी काळसर रिपीटचा आणि वेगळ्या टॅप बटणाचा डिले शोधायला सांगितलंय. टॅपवाला परवडला नाही तर साधा घेऊन टाइम १०० मिलिसेकंदांच्या आसपास लाव, फीडबॅक एक-दोन रिपीटांपुरता ठेव आणि गजर संपेपर्यंत त्याला हात लावू नकोस, असंही सांगितलंय. एवढा छोटा डिले कुठल्याही लयीत चालतो.