एक जादा ‘ए’: मुलींच्या क्रॉस कंट्री संघासोबतचा माझा पहिला हंगाम

“राजपत्र आणा, मग बघू.”

गेल्या हंगामातलं मला सगळ्यात स्पष्ट काय आठवतं, तर हे वाक्य. पोरी कशा पळाल्या, चिखल किती होता, हे आठवायला जरा वेळ लागतो. हे वाक्य मात्र अंगावर पाणी घेतानाही आठवतं आणि पाणी गार वाटायला लागतं.

मी नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतो. आमचे क्रीडा संचालक निवृत्त झाले, पद काही भरलं गेलं नाही. जुलैच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, “हे सर रोज सकाळी पळताना दिसतात.” मी पळत नाही, शुगरमुळे भरभर चालतो. पण तेवढ्या पात्रतेवर मुलींचा संघ माझ्या गळ्यात आला.

आता नियम थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच आहे. क्रॉस कंट्री म्हणजे ट्रॅकवर नाही, शेतातून, बांधावरून, चढउतारावरून पळायचं. मुलींचं अंतर आता मुलांइतकंच, दहा किलोमीटर. जागतिक स्पर्धेतही २०१७ पासून बायकांना दहाच आहे, त्याआधी आठ होतं. संघात सहा जणी, त्यातल्या पहिल्या चौघींचे क्रमांक मोजतात. चौघींच्या क्रमांकांची बेरीज ज्या संघाची सगळ्यात कमी, तो पहिला. तिघीच पोचल्या तर संघ बाद. म्हणजे पहिलीपेक्षा चौथी कोण आहे यावर कोचची झोप अवलंबून असते.

माझी चौथी धडगावकडची. तिचं नाव इथे लिहीत नाही, आडनाव पावरा, आणि या गोष्टीत आडनावच महत्त्वाचं आहे. होस्टेलला राहायची. बोलायची कमी. “जमेल का गं?” विचारलं की मान एकदा खाली-वर, बस. सपाटीवर ती मागे पडायची, पण चढ आला की पुढच्या पोरींच्या पाठीला लागायची. एका रविवारी सगळ्यांना तोरणमाळला नेलं. घाटात मी जीपमधून मागे होतो आणि ड्रायव्हर मला म्हणाला, “सर, या पोरीला गिअरच नाहीत, एकाच चालीनं चढतेय.”

सराव नीट झाला, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. पहाटे साडेपाच, गोमाईच्या काठाने. पहिले सहा आठवडे नुसतं सावकाश पळणं, इतकं सावकाश की बोलता आलं पाहिजे. आठवड्यातून एक दिवस चढ, एक दिवस जरा जोरात, एक दिवस पूर्ण सुट्टी. सुट्टीचा दिवस त्यांना पटायचा नाही. “सर, घरी तर रोज निंदायला जातो.” बऱ्हाणपूर–अंकलेश्वर हायवेवर मी त्यांना पळू दिलं नाही. पहाटे केळीचे ट्रक सुसाट असतात आणि अंधारात बाजूने चालणारा माणूस त्यांना दिसत नाही. शिवाय मोटारसायकलवरून मागे मागे येणारी दोन टाळकी होती. त्यांच्याशी काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही, पण नंतर आली नाहीत.

तर अर्ज.

शर्यतीत उतरायचं तर प्रत्येक मुलीचा पात्रता अर्ज भरावा लागतो. वय सतरा ते पंचवीसमध्ये, दहावी-बारावीची गुणपत्रकं, चालू वर्षाची फी पावती, आधार, फोटो, खाली प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का. सहा मुलींचे सहा संच मी दोन रात्री बसून लावले. जिथे हे तपासतात तिथपर्यंत आमच्याकडून यष्टीने अडीच तास. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथे पुढेही जायचं आहे.

खिडकीतले भाऊसाहेब बोटाला थुंकी लावून पानं उलटत होते. पाच संच डावीकडे गेले. सहावा परत माझ्याकडे सरकवला.

“नाव जुळत नाही.”

मी बघितलं. मराठीत सगळीकडे पावरा. इंग्रजीत दहावीच्या गुणपत्रकावर पी-ए-डब्ल्यू-आर-ए. कॉलेजप्रवेशाच्या नोंदणीच्या कागदावर पी-ए-डब्ल्यू-ए-आर-ए. त्यांनी मधल्या ‘ए’भोवती बॉलपेनने गोल काढला. दोनदा फिरवला, चांगला ठसठशीत.

मी म्हटलं, “भाऊसाहेब, धडगाव-शहाद्याकडे हे आडनाव दोन्ही तऱ्हेने लिहितात. शाळेत एक सर एक लिहितात, दुसरे दुसरं.”

“तुमच्याकडे लिहीत असतील. उद्या हिच्या नावावर दुसरीच कोणी पळाली तर?”

यात तथ्य आहे, हे रागाच्या भरातही मला मान्य करावं लागेल. दुसऱ्याच्या नावावर खेळाडू उतरवायचे प्रकार होतात, म्हणूनच ही तपासणी आहे. पण मग करायचं काय, हे विचारल्यावर जे उत्तर मिळालं ते वर पहिल्याच ओळीत लिहिलंय. राजपत्र.

आणि मी विश्वास ठेवला. हीच माझी मोठी चूक. खिडकीतला माणूस बोलतोय म्हणजे त्याला माहीत असणार, असं आपण धरून चालतो. शेवटच्या तारखेला नऊ दिवस होते. राजपत्रात, म्हणजे सरकारच्या गॅझेटमध्ये, बदललेलं नाव छापून यायचं म्हणजे ऑनलाइन अर्ज, प्रतिज्ञापत्र, फी आणि मग वाट बघणं. नऊ दिवसांत ते व्हायचं नव्हतं. तरी मी लागलो. तहसीलच्या बाहेर टायपिंगवाल्याकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं, “वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत” असं. चौथीला मूळ दाखले आणायला घरी पाठवलं. तिच्या पाड्यावर फोन लागत नाही. ती पोचली की नाही हे कळायला दोन दिवस गेले. तिच्या आश्रमशाळेत मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेलेले, जनरल रजिस्टर कपाटात, किल्ली त्यांच्याकडे. ती तिसऱ्या दिवशी दाखल्याची नक्कल घेऊन आली. मी विचारलं, “सराव बुडाला ना?” तर म्हणाली, “नाही सर. शाळा घरापासून लांब आहे. पळतच गेले, पळतच आले.”

दुसरी फेरी. प्रतिज्ञापत्र भाऊसाहेबांनी वाचलंसुद्धा नाही. “हे चालत नाही. राजपत्रच.” साहेबांना भेटू का, तर साहेब दौऱ्यावर. थांबू का, तर थांबा. जेवणाची सुट्टी झाली, संपली, चहा झाला. बाकावर माझ्या शेजारी धुळ्याकडचे एक सर बसले होते, त्यांच्या कबड्डीच्या दोन पोरांचं असंच काहीतरी. ते म्हणाले, “सोडून द्या सर, राखीव खेळाडू घ्या.” राखीव मुलगी होती माझ्याकडे. चांगली होती. पण मी चौथीला काय सांगणार होतो? की तुझ्या आडनावात एक अक्षर जास्त झालं, म्हणून तू नाही?

साडेपाचच्या यष्टीत खिडकीशी बसलो आणि खरंच ठरवलं होतं, उद्या राखीव मुलीचा अर्ज भरायचा.

दुसऱ्या दिवशी आमच्याच ऑफिसात क्लार्क मॅडमच्या टेबलावर फाइल आपटली. मॅडम शांत बाई. डबा खात होत्या, कळण्याची भाकरी आणि ठेचा. एका हाताने फाइल उघडून त्यांनी कागद ओळीने लावले. दहावी. बारावी. आधार. नोंदणी.

“सर, दहावीत एकच ‘ए’. बारावीत तसंच. आधारवर तसंच. जादा ‘ए’ फक्त आपल्या नोंदणीत आहे.”

“हो, मग?”

“मग पोरीनं नाव कशाला बदलायचं? तिनं बदललेलंच नाही. चूक आपली आहे, आपणच दुरुस्त करायची. प्राचार्यांचं पत्र लावा, दहावीची प्रत लावा, नोंदणीवाल्यांकडे पाठवा.”

राजपत्र ज्याने नाव बदललं त्याच्यासाठी. नुसत्या टायपिंगच्या चुकीसाठी दुरुस्तीचा अर्ज. एवढं साधं. दोन फेऱ्या, एक प्रतिज्ञापत्र, धडगावचा तिचा हेलपाटा, सगळं वाया. दोन दिवसांत दुरुस्ती झाली, नवीन प्रिंट निघाली. शेवटच्या तारखेला चार वाजून दहा मिनिटांनी मी त्याच खिडकीत उभा होतो. भाऊसाहेबांनी कागद बघितले, शिक्का मारला, मान वर केली नाही. मी पोच मागितली. दिली. ती पोच अजून माझ्या पाकिटात आहे, घडीवर फाटायला आलीय.

पोचेवरून आठवलं: काहीही द्या, आपल्या प्रतीवर पोच घ्याच. आणि नावं जुळवायची तर जुलैत जुळवा, पहिल्या आठवड्यात, पळायला लावायच्या आधी. दहावीची गुणपत्रिका खाली ठेवायची, बाकीचा एकेक कागद तिच्यावर धरून अक्षर-अक्षर तपासायचं. दहावी हा पाया. आधार वेगळं असेल तर आधार बदलायचं, पण जपून, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं. दहावीच चुकलेली असेल तर मात्र शाळेमार्फत बोर्डाकडे प्रस्ताव जातो, आमच्यासाठी नाशिक विभाग, आणि त्याला वेळ लागतो.

आता तो जादा ‘ए’ कोणी टाकला? जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी मदतीला टेबल मांडलं होतं. खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांचे फॉर्म आम्ही तासिकावाले तिघे भरून देत होतो. बाहेर रांग, लाइट जाऊन येत होती, सर्व्हर लटकत होता. जसा उच्चार कानावर पडेल तसं इंग्रजी टाइप होत होतं. तिचा फॉर्म मीच भरला असं मला आठवत नाही. नाही भरला असंही आठवत नाही.

एक महत्त्वाची गोष्ट आधी सांगायची राहिली. रक्त तपासा. ऑगस्टमध्ये मी सगळ्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. दोघींचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली निघालं, बायकांचं निदान बारा तरी लागतं. त्या रोज दम लागतोय म्हणायच्या आणि मी त्यांना आळशी समजत होतो. गोळ्या सुरू झाल्या. गोळीवर लगेच चहा घेतला की लोह अंगी लागत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि होस्टेलचा सकाळचा चहा हा नवीन भांडणाचा विषय झाला. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी करून घेतली, कारण आमच्या जिल्ह्यात ते बरंच आढळतं. एक मुलगी वाहक निघाली. तिने रडून घेतलं. डॉक्टर म्हणाले, वाहक आहे म्हणून पळणं बंद करायचं कारण नाही, पण उन्हात जोर करायचा नाही, पाणी कमी पडू द्यायचं नाही, आणि पाय किंवा कंबर विचित्र दुखायला लागली तर थांबायचं, हिंमत दाखवायची नाही. हे दुसऱ्या कोणत्याही सूचनेपेक्षा मी जास्त वेळा बोललो असेन.

घरच्यांचंही सांगतो. संमतीपत्रावर सही घ्यायला सारंगखेड्याकडच्या एका मुलीच्या घरी गेलो, तर आजी म्हणाल्या, “पळीसन काय भेटस?” मी कविता राऊतचं नाव सांगितलं, आपल्या नाशिक जिल्ह्यातली, आदिवासी पाड्यावरची पोर, २०१० च्या राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ, त्याच वर्षी एशियाडमध्ये सिल्व्हर, २०१६ ला ऑलिम्पिक. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “नोकरी लागनी का तिले?” लागली म्हटलं. सही मिळाली.

शर्यत ऑक्टोबरात झाली, परतीच्या पावसानंतर. आदल्या दिवशी मार्ग चालून बघितला होता, ठीक होता. रात्रीतून पाऊस झाला आणि काळ्या जमिनीचा लगदा झाला. ज्यांनी आमची माती पाहिलीय त्यांना सांगायला नको, प्रत्येक पावलाला बुटाखाली वीट तयार होते. कॉलेजने महागाचे बूट घेऊन दिले होते, त्यासाठी मी प्राचार्यांच्या केबिनबाहेर चार दिवस उभा होतो. तिसऱ्या किलोमीटरला चौथी थांबली. माझ्या पोटात गोळा आला. ती वाकली, दोन्ही बूट काढले, लिंबाच्या बुंध्याशी नीट जोडीने ठेवले आणि अनवाणी निघाली. नियमात ते बसतं. पण ते मला तेव्हा आठवलं नाही, मी नुसता ओरडत होतो, काय ओरडत होतो देव जाणे.

आमच्या चौघी पाचव्या, नवव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या आल्या. बेरीज एकोणपन्नास, संघ तिसरा. नववी ती होती. बूट नंतर मीच आणले, एकेकात किलोभर माती.

पुढच्यांसाठी अजून एक: मार्ग बघायला आदल्या दिवशी जा, पण पावसाची चिन्हं असतील तर एक दिवस सरावाला मुद्दाम ओल्या शेतात अनवाणी पळवून बघा. माझ्या बाकीच्या तिघींना बूट काढायचं सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तर मला विचारल्याशिवाय काढायचा धीर झाला नसेल.

यंदा जूनमध्ये परत प्रवेशाच्या टेबलावर बसलो. या वेळी पट्टी घेऊन. दहावीच्या गुणपत्रिकेवर नावाखाली पट्टी धरायची आणि एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करायचं. पाटील असो, पावरा असो, वळवी असो. रांग व्हरांड्यातून जिन्यापर्यंत गेली होती. एका मुलीचे वडील टेबलावर दोन्ही हात टेकून माझा तो उद्योग बघत होते. मी ‘डब्ल्यू’पर्यंत आलो तसे ते घड्याळाकडे बघून म्हणाले, “बेगीन करा ना सर, यष्टी निंघी जाई.”

मी पट्टी सरळ केली आणि पहिल्या अक्षरापासून परत म्हणायला लागलो.